आमच्या गल्लीतल्या ब्रेकरची पूजा

आमचं फाटक आणि मास्टरसाहेबांचं फाटक समोरासमोर आहे. मध्ये फक्त गल्लीचा रस्ता. धडधाकट माणूस बोलता बोलता ओलांडून जाईल एवढाच. पण मागच्या हिवाळ्यात माझ्या नवऱ्याला तो काही केल्या ओलांडवेना, आणि त्यापायी आमच्या गल्लीत जे रामायण घडलं ते आठवलं की मला अजून स्वयंपाकघरात एकटीला हसू येतं.

माझं माहेर झाशीचंच. आमचे कोणी पूर्वज मराठी फौजेबरोबर कारकुनीला इकडे आले आणि परत जायचं विसरले. त्यामुळे माझी मराठी निम्मी हिंदीत भिजलेली. आमच्या घरी अजून ओसरी, फडताळ, कोनाडा असे शब्द चालतात आणि त्याच वाक्यात ‘चलो, जल्दी करो’सुद्धा चालतं. हे सांगलीकडचे. इथल्या इंजिनियरिंग कंपनीत लागले, ट्रान्सफॉर्मर बनवण्यात जन्म काढला, आणि निवृत्तीनंतर मुलं पुण्याला बोलावत असूनही इथेच घर बांधलं. का, तर पुण्यात कोणी मास्टरसाहेब नाहीत म्हणून. असं ते बोलले नाहीत, पण मला कळतं ना.

मास्टरसाहेब गरौठ्याच्या शाळेत इतिहास शिकवायचे. त्यांचे दोन्ही डोळे काचबिंदूने जवळजवळ गेले आहेत. उजेड-अंधार कळतो, माणसाची आकृती कळते, अक्षर मात्र दिसत नाही. म्हणून रोज दुपारी चार वाजता आमचे हे वर्तमानपत्र काखोटीला मारून समोर जायचे आणि ते मास्टरसाहेबांना वाचून दाखवायचे. वाचायचं कमी, भांडायचंच जास्त. यांचं हिंदी चाळीस वर्षांनंतरही सांगलीचंच राहिलंय, तेव्हा दर दोन ओळींनंतर मास्टरसाहेब उच्चार सुधारायचे, मग हे बातमीतली चूक काढायचे, मग मास्टरसाहेब आज सरकारची बाजू घ्यायचे, उद्या विरोधकांची. जिज्जी, म्हणजे मास्टरसाहेबांची बायको, मधूनच चहा आणून ठेवायच्या आणि कपाळाला हात लावायच्या. मी इकडे माझ्या ओसरीत बसून ते सगळं ऐकायची. मला तो माझा रेडिओ वाटायचा.

दिवाळीनंतर यांना पक्षाघाताचा हलका झटका आला. हलका असं डॉक्टर म्हणाले. ज्याला येतो त्याला आणि ज्याच्या घरी येतो त्यांना तो हलका नसतो. वाचा शाबूत राहिली, हात परत आला, डावा पाय मात्र ओढत चालू लागला. वॉकर आला. व्यायाम शिकवणारा मुलगा यायचा, तो म्हणायचा, "अंकल, जितना चलोगे उतना अच्छा." हे चालायचेसुद्धा, पण घरातल्या घरात, पलंगापासून ओसरीपर्यंत.

चार वाजता मात्र रस्ता ओलांडायची वेळ आली की गाडी अडायची. कारण त्याच सुमारास इलाइट चौराह्याकडे जाणारा मोठा रस्ता नाल्याच्या कामासाठी उकरून ठेवला होता, आणि आमच्या गल्लीतून शॉर्टकट निघतो हे साऱ्या झाशीला एकाच दिवशी कळलं होतं. मोटरसायकली, ई-रिक्शा, दुधाचे कॅन लटकवलेल्या गाड्या, कोचिंग क्लासला निघालेली पोरं, सगळे आमच्या दारावरून असे सुटायचे की जणू मागे वाघ लागलाय. एकदा मी यांचा हात धरून निम्म्यात पोचले आणि एका मोटरसायकलचा आरसा वॉकरला लागला. हे पडले नाहीत, मी धरलं. तो मुलगा "सॉरी अंकल" म्हणाला आणि गेला. पण त्या दिवसापासून हे फाटकाशी जायचे, दोन्हीकडे बघायचे, मग माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "उद्या जाऊ."

उद्या जाऊ, उद्या जाऊ करत थंडी संपत आली.

हे बोलेनासे झाले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. आमचा संसारच रागालोभावर चाललेला. पण हे भाजीत मीठ नसलं तरी गुपचूप खायचे. तिकडे मास्टरसाहेब आपल्या फाटकाशी खुर्ची टाकून बसायचे आणि ओरडून विचारायचे, "भाईसाहब, का छपो है आज?" हे इकडून काहीतरी सांगायचे, आणि मध्येच एखादी ट्रॅक्टरची ट्रॉली जायची. दोन म्हातारे रस्त्याच्या दोन काठांवर बसून एकमेकांना ‘काय? काय?’ विचारतायत हे मला रोज बघावं लागायचं. माझं काळीज तुटायचं. एक दिवस मी ठरवलं, इथे स्पीड ब्रेकर झालाच पाहिजे.

पार्षदाकडे, म्हणजे आमच्या नगरसेवकाकडे, गेले. पार्षद फार गोड माणूस. "हो जाएगा, भाभीजी, बिल्कुल हो जाएगा," म्हणाला, चहा पाजला, माझ्या आईची चौकशी केली. पुढच्या वेळी गेले तेव्हा परत चहा पाजला. तिसऱ्यांदा मी चहाला नाही म्हटलं तेव्हा त्याने ओळखलं की ही बाई आता ओट्यावर बसून राहणार. मग म्हणाला, "आप लोग बनवा लीजिए, कोई कुछ नहीं कहेगा." आमच्याकडे गल्लीतले निम्मे ब्रेकर असेच जन्माला येतात. कोणाच्या घरी स्लॅब टाकतात, माल उरतो, आणि संध्याकाळी दारासमोर एक ढिगारा तयार होतो. त्या ढिगाऱ्यावरून जाताना माणसाला आपल्या मणक्यांची गणती कळते.

योगायोगाने आमच्या शेजारी वरचा मजला चढत होता. शेजारी म्हणाले, माल उरेल, मिस्त्री आहेच, करून टाकू. आता गल्लीत भांडण सुरू. ब्रेकर पाहिजे सगळ्यांना, आणि तो पाहिजे आपापल्या दारासमोर. कोपऱ्यावरचे वकीलसाहेब म्हणाले, आमच्या नातवंडांसाठी आमच्यासमोर हवा. शेवटच्या घरच्या बाई म्हणाल्या, आमच्या गाईसाठी. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मग सांगितलं की तुमची नातवंडं आणि तुमची गाय पळू शकतात, माझा नवरा पळू शकत नाही. जरा मोठ्यानेच सांगितलं. ब्रेकर आमच्या आणि मास्टरसाहेबांच्या फाटकांच्या मध्येच ठरला.

मिस्त्री चिरगावहून बसने यायचा. हसतमुख माणूस. त्याने घमेलं ओतलं आणि थापीने ढीग सारखा करायला लागला. तोच मागून आवाज आला, "थांब, थांब! ये क्या कर रहा है?"

मी वळून बघते तर हे. वॉकर घेऊन फाटकापर्यंत आले होते आणि मिस्त्रीकडे बघत होते. कंपनीत एखाद्या अॅप्रेंटिसने उलटी तार जोडली की कसे बघत असतील, तसे. "असा उंचवटा नाही करायचा," मला म्हणाले. "ही लाट पाहिजे. गाडी हळू चढली पाहिजे आणि हळू उतरली पाहिजे. जोरात आला तर त्याला धक्का, हळू आला तर काही नाही. याला सांग." मी म्हटलं, तुम्हीच सांगा, तो समोर उभा आहे. मग यांनी प्लायवूडचा तुकडा मागवला, त्यावर पेन्सिलीने कमान काढली, शेजारच्या सुताराकडून ती कापून आणवली आणि मिस्त्रीला दिली, की हा साचा ओल्या मालावरून ओढत न्यायचा. मिस्त्री म्हणाला, "बाबूजी, जैसा बोलो." त्याला गंमतच वाटली असावी. त्याने तो साचा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत असा ओढत नेला की ब्रेकर अगदी गुळगुळीत, बघत राहावा असा झाला. पावसाचं पाणी जायला कडेला वाट ठेवली, आणि त्या वाटेतून मोटरसायकल घुसू नये म्हणून दगड रोवला. हे दिवसभर फाटकाशी खुर्चीत बसून होते. जेवायला बोलावलं तर म्हणाले, "इकडेच आण."

दोन्हीकडे विटा लावून रस्ता बंद केला, ब्रेकरवर ओली गोणपाटं घातली. रोज सकाळ-संध्याकाळ यांच्या देखरेखीखाली मी पाणी मारायची. त्या दिवसांत मास्टरसाहेब आणि जिज्जी गरौठ्याला पुतणीच्या लग्नाला गेले होते. हे म्हणायचे, मास्टर येईपर्यंत पक्का झाला पाहिजे. पहिल्यांदाच ‘उद्या जाऊ’ऐवजी ‘मास्टर आला की जातो’ असं ऐकू आलं. मी देवाला साखर ठेवली.

गोणपाटं काढायची वेळ झाली तेव्हा हे म्हणाले, "पूजा झाल्याशिवाय चालू करायचा नाही."

म्हटलं, "ब्रेकरची पूजा?"

"का? कंपनीत नवं मशीन आलं की पूजा करायचो की नाही? नारळ फोडल्याशिवाय बटण दाबलंय का कधी मी? हळदकुंकू आण, फूल आण, नारळ आण. आणि लिंबू. नव्या गाडीच्या चाकाखाली घालतो तसं."

आता माझा जन्म या गावात गेला. इथे रस्त्यावर काय ठेवावं आणि काय ठेवू नये हे मला कोणी सांगायला नको. पण कितीतरी महिन्यांनी या माणसाने हट्ट करून काहीतरी मागितलं होतं. त्या क्षणी त्यांनी हत्ती मागितला असता तर मी चौकशीला निघाले असते. मी धावत आत गेले, ताट सजवलं. ब्रेकरच्या दोन्ही टोकांना हळदीकुंकवाचे पट्टे ओढले, मध्ये स्वस्तिक काढलं, झेंडूची फुलं वाहिली, अक्षता टाकल्या. लिंबू कापून, कुंकू लावून, एक फोड या टोकाला आणि एक त्या टोकाला ठेवली. उदबत्ती लावली. नारळ यांच्या हातून दगडावर फोडवला, पाणी ब्रेकरवर शिंपडलं. दोघांनी हात जोडले. हे म्हणाले, "चालू!" आणि मी विटा बाजूला केल्या. तिन्हीसांज झाली होती, हवेत गारवा होता, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. नारळाची भकलं घेऊन आम्ही आत आलो, आणि त्या रात्री हे जेवताना दोनदा भात मागून जेवले.

तो शनिवार होता. हे मला एकदासुद्धा सुचलं नाही.

रविवारी सकाळी दूधवाल्याची शिट्टी ऐकू आली, पण लांबून. बाहेर येऊन बघते तर तो ब्रेकरच्या पलीकडे गाडी लावून उभा. "भाभीजी, बर्तन लेकर इधर आ जाइए." म्हटलं, तू का येत नाहीस? तो हनुवटीने ब्रेकर दाखवत म्हणाला, "हम नहीं लाँघेंगे. छोटे-छोटे बच्चे हैं हमारे."

तेव्हा मी आमच्या ब्रेकरकडे परक्याच्या नजरेने बघितलं. शनिवारची संध्याकाळ, भर रस्ता, लाल-पिवळे पट्टे, कापलेलं लिंबू, विस्कटलेली फुलं, फुटलेल्या नारळाच्या करवंटीचे तुकडे. इथे कुठल्याही लहान मुलाला विचारा, तो सांगेल हे काय आहे ते. हा टोटका आहे. कोणीतरी आपली पीडा उतरवून रस्त्यावर टाकली आहे, आणि जो ओलांडेल त्याच्या मानगुटीवर ती बसणार. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

दुपारपर्यंत गल्ली ओस पडली. मोटरसायकलवाले भरधाव यायचे, लाल रंग बघून करकचून ब्रेक लावायचे, गाडी वळवायचे आणि परत जायचे. ई-रिक्शावाले कोपऱ्यावरच सवाऱ्या उतरवायला लागले. आमची कामवाली मागच्या बोळातून, कचऱ्यातून वाट काढत आली आणि भांडी घासताना पुटपुटत राहिली. वकीलसाहेबांनी गच्चीवरून गंगाजल शिंपडलं, ते अर्धं त्यांच्याच स्कूटरवर पडलं. शॉर्टकटची सगळी वाहतूक एका लिंबाने बंद केली. नगर निगमला जे जमलं नसतं ते झालं. एरवी मी हसून हसून लोळले असते.

पण संध्याकाळी मास्टरसाहेब आणि जिज्जी गरौठ्याहून परतले. रिक्शावाल्याने त्यांनाही कोपऱ्यावरच उतरवलं. जिज्जींनी ब्रेकर बघितला मात्र, मास्टरसाहेबांचा दंड घट्ट धरून, भिंतीला चिकटत, लांबून वळसा घालून घरात नेलं आणि फाटकाला आतून कडी घातली. जिज्जी अशा बाबतीत फार कडक. त्यांचा थोरला भाऊ लहानपणी असंच काहीतरी ओलांडून आजारी पडला होता असं त्या सांगतात. येणं-जाणं बंद, असं सोमवारी त्यांनी आम्हाला लांबूनच बजावलं, "जा लाल चीज लाँघ के कोऊ इतै न आवे, और हम कोऊ को उतै न जान दैहैं."

म्हणजे रस्ता इतका रिकामा झाला होता जितका तो आम्ही घर बांधल्यापासून कधी नव्हता, आणि हे तो ओलांडायला तयारही झाले होते, आणि समोरचं दारच बंद. मी कपाळावर हात मारून घेतला.

मी काही लपवणारी बाई नाही. सरळ रस्त्यात उभी राहिले आणि गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं की हा टोटका-बिटका काही नाही, ही आमची पूजा आहे, आमच्या यांनी करायला लावली, नारळ आम्ही फोडला. वाटलं, सगळे हसतील आणि संपेल. कोणी हसलं नाही. जिज्जी फाटकातून ओल्या डोळ्यांनी म्हणाल्या, "हमाओ मन राखबे के लाने कै रईं तुम. तुम बड़ी भली हो." म्हणजे त्यांचं मन राखायला मी खोटं बोलतेय असं त्यांना वाटलं. वकिलीणबाईंनी मला समजावलं, "भाभीजी, दूसरे का किया अपने सिर मत लीजिए." आणि वकीलसाहेब गच्चीवरून म्हणाले, "सड़क के कूबड़ की पूजा कौन करता है?"

खरंच, कोण करतं?

मग मी बादली आणि खराटा घेतला. लिंबं उचलली, फुलं उचलली, ब्रेकर घासून धुतला. पण नवं सिमेंट कुंकू प्यायलं होतं. जितकं घासावं तितका लाल रंग पसरत गेला, आणि शेवटी सबंध ब्रेकर गुलाबी झाला. पाठीमागे कोणीतरी कुजबुजलं की बघा, धुतल्याने उतरत नाही, म्हणजे जबरदस्तच आहे. मी खराटा आपटला आणि घरात येऊन बसले. पालथ्या घड्यावर पाणी. मला रडायला येत होतं. यांचा पाय आता कुठे बाहेर पडायला तयार झाला होता, आणि असे चार दिवस गेले तर तो परत घरात शिरेल आणि मग कधीच निघणार नाही, ही भीती मला खात होती. मी यांना म्हटलं, "तुमच्या कंपनीच्या पूजेने घात केला."

हे ओसरीत बसून सगळं ऐकत होते. मग म्हणाले, "वड्या कुठे आहेत?"

त्याच नारळाच्या वड्या मी रविवारी केल्या होत्या. गल्लीत काय चाललंय ते कळायच्या आधीच खोवून ठेवला होता ना, वाया कसा घालवायचा. डबा आणला. यांनी त्यातल्या चार-पाच वड्या उचलून सदऱ्याच्या खिशात टाकल्या. म्हटलं, अहो, तूप लागेल. "लागू दे." वर्तमानपत्र मागितलं, ते पिशवीत घालून पिशवी वॉकरला अडकवली. मग उभे राहिले. मी हात पुढे केला तर म्हणाले, "तू नको येऊस. तू आलीस की म्हणतील, हिनेच धरून नेला."

आणि हे निघाले. फाटकाशी उतार आहे तो उतरले. डावा पाय ओढत, वॉकर टेकवत, गुलाबी ब्रेकरपर्यंत गेले आणि त्याच्यावर चढले. लाट फार सुरेख झाली होती, वॉकरचे चारही पाय अलगद वर गेले. बरोबर मधोमध जाऊन थांबले. आता गल्लीतल्या प्रत्येक फाटकात एक तरी डोकं होतं.

"जिज्जी!" यांनी हाक मारली. केवढा मोठा आवाज! त्या आवाजाने मीच दचकले. "जिज्जी, इधर देखो. टोटके का नारियल कोई खाता है क्या?"

जिज्जींनी फाटकाच्या गजांतून बघितलं. इकडच्या भागात उपाशी माणूससुद्धा रस्त्यावर उतरवलेल्या नारळाला हात लावणार नाही, खाणं तर दूरच. यांनी खिशातून एक वडी काढली, सगळ्यांना दिसेल अशी वर धरली आणि तोंडात टाकली.

"थूको भैया, थूको!" जिज्जी किंचाळल्या. "पैलेइँ बीमार हो तुम!"

हे शांतपणे चघळत राहिले. गिळली. मग दुसरी काढली. "ये मेरे हाथ से फोड़ा हुआ नारियल है. इस ब्रेकर का प्रसाद है. हमारे कारखाने में मशीन को चढ़ाते थे, यहाँ इसको चढ़ाया. आपको नहीं चाहिए तो मैं सब खाता." आणि दुसरीही खाल्ली.

तेवढ्यात कोपऱ्यावरून एक मोटरसायकल आली, चालवणाऱ्या पोराला बहुतेक आमची बातमी कळली नव्हती. माझा हात तोंडावर गेला. ती सुसाट आली, समोर ब्रेकर आणि ब्रेकरवर उभा म्हातारा बघून तिचा वेग उतरला, आणि ती यांच्यापासून चांगल्या अंतरावर थांबली. तो पोरगा पाय टेकवून थांबून राहिला. हॉर्नसुद्धा वाजवला नाही. यांनी त्याच्याकडे बघून मान हलवली आणि एक वडी त्याच्याही पुढे केली. त्याने घेतली, कपाळाला लावली, खाल्ली.

तिकडे फाटकाआड मास्टरसाहेब हसायला लागले. त्यांना दिसलं काहीच नसणार, पण ऐकू सगळं आलं होतं. "अब खोल दो दरवाज़ा," ते जिज्जींना म्हणाले, "नईं तो जे सबरी खा जैहैं और हमें कछू नईं मिलहै."

कडी निघाली. हे लाटेवरून पलीकडे उतरले, फाटकातून आत गेले. जिज्जींनी आधी यांच्याकडे बघितलं, मग त्यांच्या खिशाकडे, आणि पदर पुढे पसरला. यांनी वडी त्यात ठेवली. जिज्जींनी ती डोळे मिटून खाल्ली. घाबरत घाबरत खाल्ली, पण खाल्ली. मास्टरसाहेबांना हाताला धरून त्यांच्या खुर्चीत बसवलं, हे शेजारच्या खुर्चीत बसले आणि पिशवीतून वर्तमानपत्र काढलं. पहिल्याच ओळीवर मास्टरसाहेबांनी उच्चाराला हरकत घेतली. मी फाटकाचा खांब धरून उभी होते. मला रडूही येत होतं आणि हसूही, आणि दोन्हींतलं काही आवरावं असं मला वाटलं नाही.

संध्याकाळी मी त्यांना आणायला गेले. म्हणाले, इथवर आलो तसा जाईन. पण दमले होते, म्हणून माझा हात धरला. मंगळवारी परत दूध दारापर्यंत आलं. गाड्याही सुरू झाल्या, पण ब्रेकर आता चोख काम करत होता, आणि त्यावरचा गुलाबी रंग बघून काही जण जरा जास्तच हळू जात होते. वकीलसाहेबांनी मला विचारलं की त्यांच्या कोपऱ्यावर दुसरा ब्रेकर झाला तर आपण पूजा कराल का. मी म्हटलं, शनिवार सोडून कधीही.

मंगळवारी चार वाजायच्या सुमारास मी चहा ठेवला. मनात घोकत होते की आज पाय दुखतोय म्हणाले तर काय म्हणायचं, उद्या जाऊ म्हणाले तर काय म्हणायचं. दोन कप भरले, ओसरीत आले. खुर्ची रिकामी होती. वॉकर नव्हता. फाटक उघडंच टाकलेलं.

कप तसेच हातात धरून मी फाटकाशी धावले. रस्त्यावर कोणी नव्हतं. समोर मास्टरसाहेबांच्या अंगणात दोन पांढरी डोकी एका वर्तमानपत्रावर वाकली होती, आणि हे हात हलवून हलवून भांडत होते.

न सांगता गेले. ‘येतो गं’सुद्धा म्हणाले नाहीत. मला त्यांचा असा संताप आला, असा संताप आला की वाटलं आत्ता जाऊन चार शब्द सुनवावेत. मग मी तिथेच उतारावर बसले आणि दोन्ही कप चहा एकटीने प्यायले.